ऊन किती, वळीव कधी? हवामानाचा अंदाज आपल्या कामाला कसा लावायचा

 

उन्हाळा लागला की रेडिओवर आणि मोबाईलवर रोज सांगतात, ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, कमाल तापमानात दोन अंशांनी वाढ.’ आपण ऐकतो आणि भाकरी थापायला वळतो. एखादी म्हणते, “त्यांचं कधी खरं झालंय?” पण त्या एका ओळीत आपल्या कामाचं पुष्कळ असतं. भांगलायला किती वाजता निघायचं, गहू कधी भिजत घालायचे, बेदाण्याच्या शेडला कापड कधी बांधायचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुठल्या दिवशी जास्त जपायचं, हे सगळं त्यातून ठरवता येतं. फक्त त्या शब्दांचा अर्थ कळायला हवा. आज तोच बघू.

आपण कुठल्या नावाखाली येतो?

हवामान खातं महाराष्ट्राचे चार भाग करतं : कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. सांगली जिल्हा मध्य महाराष्ट्रात येतो. पण त्याच नावाखाली नाशिक, जळगाव, पुणे, सातारा, सोलापूर, कोल्हापूरही येतात. म्हणून ‘मध्य महाराष्ट्रात पाऊस’ असं ऐकलं की तो आपल्याच दारात पडणार असं समजायचं नाही. पुढे जिल्ह्याचं नाव घेतात, तिथे कान द्यायचा.

जिल्ह्यातही सगळीकडे सारखं नाही. पश्चिमेला शिराळ्याकडे डोंगर आणि भरपूर पाऊस. पूर्वेला जत, आटपाडीकडे कोरडा माळ. आपला मिरज तालुका दोन्हींच्या मधे. आणि कुपवाडमध्ये आणखी एक गोष्ट आहे. एमआयडीसीच्या पत्र्याच्या शेड, डांबरी रस्ते, सिमेंटची घरं दिवसभर ऊन शोषून घेतात आणि रात्री ती उष्णता बाहेर सोडतात. त्यामुळे झाडीतल्या वस्तीपेक्षा कारखान्याजवळच्या चाळीत रात्री जास्त उकडतं.

आपल्या उन्हाळ्याचे तीन टप्पे

पहिला टप्पा मार्चचा. दिवसा ऊन चटका देतं, पण पहाटे गार असतं. हवा कोरडी असते. द्राक्षं उतरवणं, बेदाणा, हळद शिजवणं आणि वाळवणं, सगळं याच दिवसांत असतं.

दुसरा टप्पा एप्रिल ते मेचा पहिला पंधरवडा. हा सगळ्यात तापलेला काळ. दुपारचं तापमान साधारण ३८ अंशांच्या आसपास असतं आणि काही दिवस ४० च्या वर जातं. याचं कारण डोक्यावर बघितलं की कळतं. ६-७ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास आपल्याकडे सूर्य अगदी बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी अंगणात काठी उभी रोवा, तिची सावली बाजूला पडतच नाही. मुलांना हे जरूर दाखवा. ऊन सरळ पडतं, म्हणून जमीन जास्त तापते. त्यात सुगी होऊन रानं मोकळी झालेली असतात आणि जमिनीत ओल नसते. ओल असली तर उन्हाची बरीच शक्ती पाण्याची वाफ करण्यात जाते. ओल नसली की ती सगळी जमीन आणि हवा तापवण्यात जाते.

तिसरा टप्पा मेच्या मध्यापासून मृगापर्यंत. समुद्राकडून वारं सुटतं, दुपारनंतर ढग जमतात, हवा दमट होते. आकडा एक-दोन अंशांनी उतरतो, पण घाम वाळत नाही आणि जीव जास्त कासावीस होतो. वळवाचा जोर या दिवसांत वाढतो.

४० अंश म्हणजे नक्की काय?

बातमीतलं तापमान उन्हातलं नसतं. हवामान केंद्रावर जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर एक पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते. तिच्यात सावलीत, वारा खेळता ठेवून तापमापक ठेवतात. म्हणजे ४० हा आकडा सावलीतल्या हवेचा. पत्र्याच्या खोलीत, चुलीपुढे किंवा भर दुपारी भुईमूग काढताना अंगाला त्याहून बरंच जास्त सोसावं लागतं.

आता ‘उष्णतेची लाट’ या शब्दाकडे येऊ. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असेल आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त वाढलेलं असेल, तर हवामान खातं लाट म्हणतं. तेही एकाहून जास्त केंद्रांवर आणि लागोपाठ दोन दिवस दिसावं लागतं. तापमान ४५ च्या वर गेलं तर मात्र नेहमीचा आकडा न बघता लाट धरतात.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? आपल्याकडे नेहमीचं तापमान ३८ असेल, तर नियमाने लाट म्हणायला साडेबेचाळीस अंश व्हावं लागेल. म्हणजे ४१ अंशांचा दिवस कागदावर ‘लाट नाही’ असाच जातो. पण ४१ अंशात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईचं शरीर नियम वाचत नाही. म्हणून लाटेच्या घोषणेची वाट बघायची नाही. सकाळच्या बातमीत ३९-४० ऐकलं की आपण आपली काळजी सुरू करायची.

घाम वाळला नाही तर

शरीर स्वतःला गार कसं ठेवतं? घामाने. माठ झिरपतो, ते पाणी वाळतं आणि आतलं पाणी गार होतं, तसंच. पण हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता गळतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, पण गारवा मिळत नाही. म्हणून दमट हवेतले ३८ अंश कोरड्या ४१ पेक्षा घातक ठरू शकतात.

१६ एप्रिल २०२३ ची खारघरची घटना आठवत असेल. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला लाखो लोक तासन्‌तास उघड्या मैदानात उन्हात बसले होते. त्या दिवशी तिथलं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं, लाटेच्या आकड्याइतकं नव्हतं. तरी १४ माणसांचा जीव गेला आणि त्यांत बायका जास्त होत्या. ती मंडळी काही जड काम करत नव्हती, नुसती बसली होती. लग्नाचा मांडव, जत्रा, पालखी, गावातली सभा, सगळीकडे हे लक्षात ठेवलं पाहिजे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. रानात किंवा कारखान्यात बाथरूमची सोय नसते, म्हणून आपण पाणीच कमी पितो. हे उन्हाळ्यात फार महागात पडतं. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाने थोडं थोडं पाणी प्यायचं. लघवी गडद पिवळी झाली किंवा दुपारपर्यंत झालीच नाही, तर शरीरात पाणी कमी पडलं असं ओळखायचं. ताक, लिंबू सरबत, पन्हं, आंबील उत्तम. नुसत्या चहावर दुपार काढायची नाही.

ऊन लागल्याच्या खुणा

आधी पायांत, पोटात गोळे येतात. मग डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, खूप घाम, गळून जाणं. इथपर्यंत असेल तर सावलीत आणून, कपडे सैल करून, ओल्या फडक्याने अंग पुसून मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट मोजून. ओआरएसची पुडी असली तर सगळी पुडी एक लिटर पाण्यात घालायची, अर्धी नाही.

पण माणूस बरळायला लागलं, ओळख पटेना, झटका आला, अंग तापून भट्टी झालं, तर तो उष्माघात आहे. त्यात जीव जातो. ताबडतोब १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहायचं नाही. अंगावर गार पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी किंवा बर्फ ठेवायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही द्यायची नाही. हा तो ताप नव्हे, गोळीने उतरत नाही.

सगळ्यात जास्त जपायचं कुणाला? गरोदर बाई, तान्हं बाळ, साठीच्या पुढची माणसं, बीपी, साखर किंवा हृदयाची औषधं घेणारी माणसं, आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायचं, मनानेच बंद करायची नाही.

अंदाजातले शब्द

आता रोजच्या बातमीतले शब्द. समजा आपल्या भागात वीस गावं आहेत.

‘तुरळक ठिकाणी’ पाऊस म्हणजे त्यातल्या फार तर पाच गावांत. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाच ते दहा गावांत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे दहा ते पंधरा गावांत. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे पंधराच्या वर, जवळजवळ सगळीकडे.

म्हणून ‘तुरळक’ सांगितलं, सावळीत पडला आणि कुपवाडात थेंबही नाही, तर अंदाज चुकला असं नाही. त्या शब्दाचा अर्थच तो आहे.

पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब-रुंद जागेवर एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर साधारण शंभर लिटर. २४ तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या वर गेला की त्याला ‘मुसळधार’ धरतात.

इशाऱ्याचे चार रंग असतात. हिरवा : काळजी नाही. पिवळा : लक्ष ठेवा. नारिंगी : तयारीत राहा. लाल : आता कृती करा.

आणि अंदाज किती दिवसांचा आहे, तेही बघायचं. पुढच्या तीन तासांचा इशारा सगळ्यात नेमका असतो; वळवासाठी तोच कामाचा. तीन दिवसांपर्यंतच्या अंदाजावर बराच भरवसा ठेवता येतो. पाच दिवसांचा अंदाज कल दाखवतो. फेब्रुवारीच्या अखेरीला सगळ्या उन्हाळ्याचा अंदाज देतात, तो ‘यंदा नेहमीपेक्षा जास्त तापण्याचा संभव’ एवढंच सांगतो. त्यावरून लग्नाची तारीख ठरवता येत नाही, पण पाण्याचं आणि वैरणीचं नियोजन करता येतं.

वळीव, गारा आणि वीज

सकाळपासून कडक ऊन, दुपारी वारा पडलेला, अंगाला चिकचिक आणि चारच्या सुमारास गोबीच्या गड्ड्यासारखे उंच वाढणारे ढग दिसले, की वळवाची तयारी समजायची. खालची हवा तापून वर जाते, तिच्यातली ओल थंड होऊन ढग होतो. ढग इतका उंच जातो की वर बर्फ बनतो; त्याच्याच गारा होतात. अशा ढगातून आधी सोसाट्याचा वारा सुटतो. पत्रे उडतात, झाडं पडतात, तारा तुटतात. म्हणून एप्रिल लागायच्या आत घरावरच्या पत्र्यांचे हूक आणि वरचे दगड एकदा बघून घ्यायचे.

विजेचं एक सोपं गणित आहे. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला, तर वीज तुमच्यापर्यंत पोचू शकेल इतक्या जवळ आहे. लगेच पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. झाडाखाली थांबायचं नाही. तारेच्या कुंपणाला, मोटारीच्या पेटीला, नळाला हात लावायचा नाही. रानात अडकलात तर एकमेकींपासून लांब होऊन, पाय जुळवून उकिडवं बसायचं. आडवं पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे. जवळपास वीज पडण्याचा संभव असला तर ते कळवतं. गटातल्या एका तरी मोबाईलवर ते असू द्या.

वीज लागलेल्या माणसाला शिवलं तर आपल्याला झटका बसतो, हा गैरसमज आहे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची आणि १०८ ला फोन करायचा. दुर्दैवाने माणूस किंवा जनावर दगावलं तर तलाठ्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्यायचा. सरकारी मदतीसाठी तो कागद लागतो.

वाळवण, बेदाणा, हळद

आता आपल्या नेहमीच्या कामांकडे येऊ. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवावे लागतात. म्हणजे चीक शिजवून अंगणात घालायचा दिवस चौथा. तेव्हा गहू भिजत घालायच्या आधीच पाच दिवसांचा अंदाज विचारायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी ढगाळ हवा किंवा मेघगर्जना सांगितली असेल, तर दोन-चार दिवस थांबायचं. कुरडई-पापडाच्या ऑर्डरी घेणाऱ्या गटांनी तर हे कटाक्षाने करावं. आंबलेल्या चिकाचं नुकसान सगळ्यांच्या अंगावर पडतं. मार्चची आणि एप्रिलच्या सुरुवातीची कोरडी हवा वाळवणाला सगळ्यात चांगली. मेअखेरीच्या दमट हवेत वरून वाळलेलं दिसतं, आत ओल राहते आणि डब्यात बुरशी येते.

हेच बेदाण्याचं. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि शेडवर काम करणारे बहुतेक हात बायकांचे आहेत. जाळीवर पडलेली द्राक्षं वाळत असताना ढगाळ, दमट हवा आली की रंग काळपटतो आणि भाव उतरतो. पाऊस सांगितला असेल तर शेडच्या बाजू आदल्या संध्याकाळीच बंद करायच्या, रात्री वाऱ्यात धावपळ करून नाही. शिजवलेली हळद खळ्यावर पसरली असेल तर झाकायला ताडपत्री हाताशी ठेवायची.

म्हशीचंही ऐका. तिचं कातडं काळं आणि घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून तिला गाईपेक्षा ऊन जास्त बाधतं. दूध आटतं, ती माजावर आलेली कळत नाही. वैरण पहाटे आणि रात्री टाकायची, पाणी दिवसातून चार वेळा दाखवायचं, दुपारी अंगावर पाणी मारायचं.

पाणी आणि पहिला पाऊस

उन्हाळ्यात कृष्णेला वाहतं ठेवण्यासाठी कोयना धरणातून पाणी सोडावं लागतं. आपल्याला नदी जवळ आहे म्हणून पाण्याची किंमत कधी कधी जाणवत नाही. पण १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली होती, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिकडच्या बायका घागरी घेऊन रात्र रात्र उभ्या होत्या. आपल्याच जिल्ह्यात जत, आटपाडीकडच्या बहिणींनी टँकरची वाट बघत उन्हाळे काढले आहेत. भांडी विसळलेलं पाणी परसातल्या शेवग्याला आणि कढीपत्त्याला घातलं तरी थोडं वाचतं.

पुढचा प्रश्न, पेरणी कधी? आपली म्हातारी माणसं नक्षत्रं मोजतात. २५ मेच्या सुमारास रोहिणी, ७-८ जूनला मृग. ही गणना सूर्याच्या चालीवर आहे, म्हणून तारखा दरवर्षी त्याच येतात. पण ढग त्या तारखा पाळतोच असं नाही. २०२३ साली मोसमी पाऊस ८ जूनला केरळात आला आणि मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. २०२५ साली २४ मेला केरळात आणि २६ मेलाच मुंबईत! दोन वर्षांत जवळजवळ महिन्याचा फरक.

म्हणून वळवाच्या एका सरीवर फसून बी टाकायचं नाही. वळीव धो धो पडतो, वरची माती वाहून नेतो, खाली ओल कमी मुरते. कृषी खातं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल आल्यावरच पेरावं. दुबार पेरणीचा खर्च शेवटी गटाच्या कर्जातूनच जातो, हे आपल्याइतकं कुणाला माहीत? पाऊस घरी मोजता येतो. सरळ उभ्या भिंतीचा डबा उघड्यावर ठेवा, सकाळी पट्टीने पाण्याची खोली मोजा आणि वहीत लिहा. रोजची बेरीज करत जा.

गटाने काय करावं?

चार गोष्टी सुचवते. पहिली : रोज सकाळी एकीने अंदाज बघून दुकानापुढच्या किंवा अंगणवाडीच्या फळ्यावर तीन ओळी लिहायच्या : आजचं कमाल तापमान, पाऊस-वीज, इशाऱ्याचा रंग. पाळी लावून घ्या. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला येतो. ‘मेघदूत’ ॲपवर तो मराठीत मिळतो. शेतीची शंका असेल तर १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरवर फुकट फोन करता येतो.

दुसरी : कामाच्या वेळा बदलून घ्या. सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी साडेचारनंतर. मालकाशी एकटीने बोलणं अवघड जातं, दहा जणी मिळून बोलल्या तर जमतं. रोजगार हमीच्या कामावर प्यायचं पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी मिळणं हा तर कायद्याने आपला हक्क आहे. रोजगार हमीची कल्पना आपल्याच जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांनी मांडली होती, तेव्हा हक्क मागायला संकोच कशाला?

तिसरी : गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची आणि गरोदर बायकांची यादी करा. तापमान ३९ च्या वर सांगितलं त्या दिवशी दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा त्यांच्या दारात डोकावून यायचं. “मावशी, पाणी प्यालात का?” एवढं विचारायला पाच मिनिटं लागतात.

चौथी : पत्र्यावर, स्लॅबवर एप्रिलच्या आत चुन्याचा पांढरा हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो. चुन्याचा खर्च गटातून एकत्र केला तर स्वस्त पडतो.

मैत्रिणींनो, अंदाज म्हणजे भविष्य नव्हे. पाऊस पडेलच, ऊन तापेलच, असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. पण पिवळा, नारिंगी, लाल यातला फरक कळला, तुरळक आणि बहुतांश यातला फरक कळला, तर आपण एक दिवस आधी जाग्या होतो. ताडपत्री वेळेवर निघते, गहू वेळेवर भिजतात आणि कुणाच्या घरची आजी दुपारी एकटी तडफडत राहत नाही. या आठवड्याच्या मीटिंगमध्ये हप्ते गोळा झाले की फळ्याची पाळी ठरवून टाका. पहिलं नाव कुणाचं लिहिलं, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. नमस्कार.